अर्ध्यावर न तोडलेलं गाऱ्हाणं

घाटकोपरला डोंगराच्या चढावर एक मराठी शाळा आहे. तिथे रत्नप्रभा राणे बावीस वर्षं मराठी शिकवतात. मूळच्या मालवणच्या, बोलणं रोखठोक, आवाज खालच्या रिक्षा स्टँडपर्यंत. बाकीचे शिक्षक पोरांचे मोबाईल जप्त करायचे, तर बाईंनी नववी-बचं इन्स्टावर पान उघडलं आणि दर शनिवारी वर्गातच मोबाईल काढायला लावले. काम एकच. आपल्या घरातली बोली टिपून आणायची. कुणी आजीच्या म्हणी आणल्या, कुणी बोंबीलवालीशी आईची चाललेली घासाघीस. धड्यावर तोंड न उघडणारी पोरं व्हिडिओखाली दोन ओळी लिहायच्या म्हणून ऱ्हस्वदीर्घ विचारत मागे फिरू लागली. मुख्याध्यापक शिवदास सर म्हणाले, बाई, हे एक दिवस अंगाशी येईल. बाई म्हणाल्या, आलं तर माझ्या येईल ना.

आलं ते जान्हवीच्या.

जान्हवी तावडे शेवटच्या बाकावरची, हजेरीलाही जेमतेम ओठ हलवणारी. तिने आपल्या आजोबांचं, लवू तावडेंचं गाऱ्हाणं टिपून आणलं. नारळ ठेवून देवापुढे घरादारासाठी मागणं मागायचं आणि भोवतालच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं, ही कोकणातली रीत. सोबत जान्हवीने मेसेज केला होता, ‘बाई, फक्त पहिलं मिनिट घ्या.’ बाईंनी तो वाचलाही. पण गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नसतं, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. लवूआजोबांच्या आवाजात त्यांना स्वतःचा बाप ऐकू आला, डोळे भरले, आणि त्यांनी अख्खं गाऱ्हाणं पानावर टाकलं.

दुसऱ्या मिनिटाला आजोबा म्हणत होते, "ह्या माझ्या नातीक फिट येता, ती बंद कर. आणि शाळेत ह्या कोणाक कळू देव नको रे म्हाराजा."

सोमवारी मधल्या सुट्टीत वर्गातला सौरभ फिटची नक्कल करत कॉरिडॉरमध्ये हातपाय झाडत पडला आणि भोवतीची पोरं ओरडली, होय म्हाराजा. जान्हवीने ते पाहिलं. मंगळवारपासून ती आली नाही. बाईंनी व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो दहा-बारा मोबाईलमध्ये उतरला होता. शुक्रवारी तिच्या आईने शाळा सोडल्याचा दाखला मागायला फोन केला. पोरीला गावच्या शाळेत घालणार होते.

त्याच संध्याकाळी बाई चढ चढून तावड्यांच्या खोलीवर गेल्या. चूक माझी, एवढं उंबऱ्यातच म्हणाल्या. लवूआजोबांनी त्यांना पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं, मग विचारलं, "तुमी मालवणच्या मां? मग आयकलात नाय, मी काय मागलंय तां?"

"सूर ऐकला, काका. मागणं ऐकलं नाही."

"तोडूचा नाय, ह्या बरोबर. पण गाराणा देवाक घालतत, बाई. मोबायलाक नाय."

मग पोटमाळ्याच्या शिडीवर बसलेली जान्हवी पहिल्यांदा बोलली. गावी गेले तरी तो व्हिडिओ तिथे पोचेलच, म्हणाली. मी शाळेत येते. पण चूक तुमची होती हे तुम्ही वर्गात सांगायचं, सगळ्यांसमोर.

शनिवारी बाईंनी सांगितलं. मेसेज वाचूनही मी तो पाळला नाही, म्हणाल्या. सौरभ खाली बघत होता. त्याला काही बोलायला लावायच्या आत जान्हवी फळ्याकडे गेली. तिने खडू घेतला आणि लिहिलं: फिट आली तर कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. किती वेळ चालली ते घड्याळात बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखान्यात न्या. चप्पल हुंगवू नका.

शेवटच्या ओळीला मागून कुणीतरी खुदकन हसलं. जान्हवीही किंचित हसली, म्हणाली, "खरंच हुंगवतात यार. गेल्या वर्षी काकाने हुंगवली."

सौरभचा हात सवयीने मोबाईलकडे गेला आणि मध्येच थांबला. बाईंनी हात पुढे केला होता, मोबाईल काढून घ्यायला.

"त्याला फोटो घेऊ द्या, बाई," जान्हवी म्हणाली. "फळा घे, सौरभ. पण टाकायच्या आधी मला दाखवायचं. पूर्ण."