ओल्या पूडलची हजामत

मुलीनं पूडल आणून सोडला, त्या आठवड्यात गावातल्या निम्म्या लोकांनी मला विचारलं, "सर, मेंढरू पाळलं काय जी?" शेलूबाजारच्या अलीकडे आमचं गाव. इथं कुत्रं म्हणजे तांबडं, कान फाटलेलं आणि कोणाचंच नसलेलं. हे पांढरं कुरळं प्रकरण कुत्रं आहे हे पटवायला त्याला भुंकवून दाखवावं लागायचं, आणि ते नेमकं तेव्हा भुंकायचं नाही.

मुलगी पुण्यात नोकरी करते. कंपनीनं तिला वर्षभरासाठी परदेशात पाठवलं. कुत्र्याचं इंग्रजी नाव माझ्या बायकोच्या जिभेवर बसेना, म्हणून ती त्याला नुसतं 'पोट्टा', म्हणजे पोरगा, म्हणू लागली. जाताना मुलीनं बजावलं, "बाबा, रोज ब्रश करा. आणि दीड महिन्याला कटिंग." मी आयुष्यभर शाळेत मास्तरकी केलेली. पोरांनी माझ्या सूचना जेवढ्या मनावर घेतल्या, तेवढीच मी तिची ही सूचना घेतली.

पोट्ट्याचे उपकार मात्र माझ्यावर मोठे आहेत. त्याच वर्षी बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, चालल्या नाहीत तर गुडघा आखडेल. ती चालेना. मी समजावलं, रागावलो, एकदा तर शाळेतल्यासारखी छडी हातात घेतली. तिनं ती काढून घेतली आणि कपडे वाळत घालायला वापरली. पण पोट्टा दारात उभा राहून शेपूट हलवायला लागला, की ही भिंत धरून उठायची. "त्याले फिरवा लागते," म्हणायची. आधी कोपऱ्यापर्यंत, मग हापशीपर्यंत. दिवाळीपर्यंत काठी टेकत टेकत दोघं बुद्धविहारापर्यंत जाऊन परत यायला लागली. माझ्या साऱ्या शिकवणीला जे जमलं नाही, ते एका शेपटीनं केलं.

सोयाबीन निघालं आणि पोट्टा मोकळ्या वावरात उंडारू लागला. कुसळं, काटे, चिखल, सगळं त्याच्या केसांत जाऊन बसलं. काखेत आणि मांड्यांत केसांचे असे गोळे झाले, की पाय उचलताच कातडी ओढली जायची. एके सकाळी तो दारापर्यंत आला आणि खाली बसला. बायकोही बसली.

"तू तर जा," मी म्हणालो.

"पोट्ट्याले जमत नाई तं मी एकटी कायले जाऊ?"

चार दिवस दोघं बसून राहिली. पाचव्या दिवशी मोरीपर्यंत जाताना तिनं पुन्हा भिंत धरली. याचे केस निघाले नाहीत, तर हिचा गुडघा गेला.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, अकोल्याला न्या, तिथं कुत्र्यांचं पार्लर आहे. पण मी लहानपणी घरची म्हैस भादरलेली. उन्हाळा लागला की म्हशीला भिजवून भिजवून चिंब करायचं आणि वस्तरा फिरवायचा. जो म्हैस भादरतो, त्याला वीतभर कुत्रं काय भारी?

रविवारी मी पोट्ट्याला टबात बसवलं आणि म्हशीच्या हिशेबानं भिजवलं. कोमट पाणी, शॅम्पू, पुन्हा पाणी. तो बिचारा शांत बसला होता. मी खूष. मग कात्री लावली. आत शिरेना. सकाळी जे गोळे होते, ते पाण्यानं आवळून दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखे घट्ट होऊन कातडीला चिकटलेले. मी दाढीचं ट्रिमर आणलं. ते पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत सरळ गेलं, एक समृद्धी महामार्ग काढला आणि कायमचं बंद पडलं. शेवटी मी काखेतला गोळा धरून ओढला. पोट्टा असा कळवळला, की बायको आतून धडपडत आली.

"अवो, सोडा त्याले! मारून टाकसान तुमी!"

"मी म्हैस भादरली आहे..."

"म्हैस! हे म्हैस दिसून राह्यली तुमाले?"

तिनं त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि कुंपणापलीकडे हाक मारली. आमच्या मागच्या वावरात लेंडीखतासाठी धनगराची मेंढरं बसवली होती. त्यांच्याबरोबरचा म्हातारा, आम्ही त्याला मामा म्हणतो, लोखंडी कातर कमरेला खोचूनच आला. त्यानं पोट्ट्याला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोणं भिजोलं हे?"

मी आभाळाकडे पाहिलं.

"आमी बी मेंढी धुतो गुरुजी. पण मंग दोन दिस उन्हात वाळू देतो. ओल्या लोकरीत कातर घातली तं चामडं येते हातात." मग बायकोला म्हणाला, "बाई, मंगळवारी येतो. तवरिक बोटानं मोकळं करत राहा. पाण्याचा थेंब लागू देऊ नका, अन् या गुरुजीले बी जवळ येऊ देऊ नका."

दोन दिवस ती उन्हात खाटेवर बसून एकेक गाठ सोडवत होती. मला लांबून खोबरेल तेलाची बाटली द्यायची परवानगी होती. मंगळवारी मामा आला. मी पोट्ट्याचे पाय बांधायला दोरी आणली.

"कायले? बाईच्या मांडीवर हाय ना तो," तो म्हणाला. मग त्यानं डाव्या हाताचं बोट गोळा आणि कातडी यांच्यामध्ये सारलं आणि बोटाच्या वरून कातर चालवली. "मधी आपलं बोट पाह्यजे गुरुजी. चुकलं तं आपलं कापलं पाह्यजे, जनावराचं नाई." त्या बोटावर जुन्या जखमांच्या किती रेघा होत्या! मी पोरांच्या तळहातावर छड्या मारल्या, पण मध्ये आपलं बोट ठेवायचं मला कधी सुचलं नव्हतं.

एक मागचा पाय त्यानं मला कातरायला दिला. मी नियम पाळला. म्हणजे बोट कापून घेतलं.

"आता शिकले!" मामा म्हणाला आणि हळद मागवली. चहा पिता पिता त्यानं खाली पडलेले केस चोळून पाहिले आणि मान हलवली. "याची घोंगडी नाई होत."

दुसऱ्या दिवशी पोट्टा दारात उभा होता. पुढून मेंढी, मागून उंदीर, पाठीवर माझा रस्ता तसाच. बायकोनं काठी घेतली. सुरुवातीला तिला पाय टेकवताना कळ येत होती. ओठ घट्ट मिटून ती चालत राहिली. मी चिंधी बांधलेलं बोट वर धरून मागून चाललो.

पिठाच्या गिरणीपाशी गिरणीवाल्यानं हाक मारली, "बाई, कोणं केली वो ही कटिंग?"

मी चिंधीचं बोट पाठीमागे लपवलं.

"आमी घरीच केली," ती म्हणाली आणि पुढे गेली.

विहाराच्या पायरीवर ती टेकली, गुडघा चोळला. पोट्टा तिच्या पायाशी लोळला, कितीतरी दिवसांनी चारी पाय वर करून. मला वाटलं, आता परतायचं. शेजारी बसलेला मी उठलो.

"उठले कायले? घाई हाय काय?" ती म्हणाली. मग काठी टेकून स्वतःच उभी राहिली. "चाला, आज पुढं फाट्यापर्यंत जाऊ."