दोन पॅकेजांची एक फाईल

इंद्रजीत साळवे जालना रोडवरच्या एका टँकर ठेकेदाराकडं कॉम्प्युटर सांभाळायचा. शहर शेंद्र्यापर्यंत पसरलं होतं आणि पाणी तेवढंच मागं सरकलं होतं. त्या दुष्काळी उन्हाळ्यात लोक देवाआधी टँकरवाल्याचं नाव घेत. टँकरवाले इंद्रजीतचं घेत, पण शिव्यांसकट.

जुना प्रोग्रॅम पाण्याची पावती छापायचा. पावतीशिवाय टँकर भरायच्या ठिकाणी कुणी व्हॉल्व्हला हात लावत नसे. त्यात वरून हुकूम आला, की टँकर कुठं जातो ते दाखवणारा नवा प्रोग्रॅमही आजपासून हवा, नाहीतर गाडी हलणार नाही. इंद्रजीतनं त्याचं पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमच्या फायलींचं गाठोडं, टाकायला घेतलं, तर कॉम्प्युटरवरचं लिनक्स अडून बसलं. छपाईच्या सेटिंगची फाईल जुन्या पॅकेजची आहे, म्हणे. नव्यातही त्याच नावाची फाईल आहे, पण तिच्या जागी दुसऱ्याची बसवणार नाही.

"मग जबरदस्तीनं बसव की," मालक मल्हारराव म्हणाले. "जागा अशीच मिळती बाबा."

त्यांनी ऑफिसही नाल्यावर असंच बसवलं होतं. इंद्रजीतला पटलं नाही, पण वाद घालायचं त्राण नव्हतं. त्यानं जबरदस्तीची कमांड दिली. नवा प्रोग्रॅम झकास उघडला. मल्हाररावांनी चहा सांगितला. चहा यायच्या आत जुन्या प्रोग्रॅमनं पहिली पावती छापली. पार कोरी. त्याची सेटिंगची फाईल नव्यानं गिळली होती.

करमाडच्या टँकरचा ड्रायव्हर पुंजाराम खिडकीतून डोकावला. "इंजिनेर सायेब, कोऱ्या कागदावर पाणी देतेत का कुठं? करमाडला बाया सकाळधरनं हंडे लावून बसल्यात. तुमच्या मातोश्री बी हायत त्यात. मघाशी फोनवर मला शिव्या घातल्या."

"मला दोनदा घातल्या," इंद्रजीत म्हणाला आणि पुन्हा कीबोर्डकडं वळला.

त्यानं नवं पॅकेज काढलं, जुनं परत बसवून त्याची फाईल जागेवर आणली. मग ती फाईल वेगळ्या नावानं बाजूला ठेवायची, असं सिस्टिमला बजावलं आणि जुन्या प्रोग्रॅमला तिचा नवा पत्ता दिला. मोकळ्या झालेल्या जागी नवं पॅकेज मुकाट बसलं. प्रिंटर कुरकुरला. पावती आली, अक्षरांसकट.

"बघ," मल्हारराव खूश झाले, "केली जबरदस्ती तर झालं का नाय?"

इंद्रजीतनं गार चहा गिळला. टँकर फाटकाबाहेर पडल्यावर त्यानं आईला फोन लावला.

"निघाला टँकर, आई."

"भरून निघाला का रिकामा?"

"भरायला निघाला."

"मग भरल्यावर सांग," असं म्हणून तिनं फोन ठेवला.