गोकाकला फिरायला नेलेलं मत

आधी एक दुरुस्ती. परवा गोकाक धबधब्याचे फोटो टाकताना मी ‘कौटुंबिक सहल’ असं लिहिलं होतं. ते चूक आहे. बसमध्ये निपाणीजवळच्या आमच्या गावचे पंचायत सदस्य होते. काकू सदस्य आहे आणि तिच्या सोबतीला मी होते. हे लिहू का, असं काकूला तीनदा विचारलं. “लिही गं, कळू दे गावाला,” म्हणाली.

आमच्याकडे गाव सदस्य निवडतं आणि सदस्य अध्यक्ष निवडतात. यंदा अध्यक्षपद बाईसाठी राखीव आहे. गटाचे पुढारी आप्पा यांना तिथं त्यांची सून हवी आहे. काकूला स्वतः उभं राहायचंय. मतदानाआधी कुणी फुटू नये म्हणून आप्पांनी ही बस काढली. चढतानाच सदस्यांचे मोबाईल पिशवीत गेले. फोटोंसाठी माझा तेवढा राहिला.

निपाणी ते संकेश्वर हायवे मस्त आहे. पुढे घटप्रभेच्या बाजूनं खड्डे मोजत गोकाक. जायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरात जा. तांबूस पाणी असं कोसळतं की शेजारच्या माणसाशीही कानाला तोंड लावून बोलावं लागतं!

काकू तेच करत होती. कठड्याशी ती दुसऱ्या सदस्य शेवंताक्कांच्या कानात म्हणाली, “माझं नाव तू सुचवशील?” शेवंताक्कांनी मान हलवली. मागून आप्पा ओरडले, “काय चाललंय गं?”

“पाणी लई हाय म्हणतोय, आप्पा!”

आप्पा चहाकडे वळल्यावर शेवंताक्का म्हणाल्या, “तिकडं महाराष्ट्रात, कागलकडं अख्खं गाव सरपंच निवडतंय म्हणं. हितं तसं झालं, तर आप्पा सगळ्या गावाला गोकाकला आणतील व्हय?”

“एवढ्या बशी कुठनं आणतील?” काकू म्हणाली, आणि आम्ही तिघी भिजत हसत सुटलो.

मुक्काम बेळगावात, कॅम्पजवळच्या लॉजवर. येताना गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची गुळातली वडी, घेतलं होतं, तुम्हीही घ्याच. सकाळी इडली खाताना आप्पांनी जाहीर केलं, “गुरुवारी अर्ज नि मतदान एकदमच. तवर हितंच. मग थेट पंचायतीत उतरायचं.”

“आप्पा, माझी म्हैस दुसऱ्याला धार देत न्हाय,” काकू म्हणाली.

“जाशील कशी? गाडी न्हाय मिळणार.”

काकूनं पर्समधून आधार कार्ड काढलं. “सरकारी बस हाय की. बायकास्नी तिकीट न्हाय. आमचे फोन द्या.”

शेवंताक्काही उठल्या. शेजारची टेबलं बघायला लागली तेव्हा आप्पांनी पिशवी उघडली. बसस्टँडपर्यंत मी अक्षरशः पळाले! कंडक्टरनं तिघींना शून्य रुपयाची तिकिटं दिली. (पत्ता कर्नाटकातला हवा, बाकीच्यांनी तिकीट काढावं.)

तुम्ही नेहमी सहलीचा एकूण खर्च विचारता. या वेळी सांगता येत नाही; सगळं आप्पांनी भरलं, मी एकही बिल पाहिलं नाही. ते अजून टोचतंय.

घरी आल्यावर मात्र आठवत राहतं ते कठड्यावरचं हसू. शाळेत जायच्या आधी मला अक्षरं याच काकूनं शिकवली, पाटीवर माझा हात धरून. काल आप्पांचा फोन आला: “गुरुवारी न्यायला गाडी पाठवतो.”

“नको,” काकू म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “तुझी स्कूटर चालतीय न्हवं?”

मी कालपर्यंत कुणाला मागे बसवलं नव्हतं. आज अंगणात शेवंताक्कांना बसवून चार फेऱ्या मारल्या. काकू अध्यक्ष होईल की नाही, माहीत नाही. पण अर्ज भरायला तिला पंचायतीच्या दारात मी नेऊन सोडणार आहे, गुरुवारी सकाळी नऊला.