धर्मबुडव्याचं तोंड

ॲम्ब्रोज थर्टल नॉर्विचमध्ये छापखान्यासाठी लाकडी ठसे कोरायचा. हात बारीक, जीभ तिखट. त्या वर्षी गावात एका पंथाची भारी टिंगल चालली होती. हे लोक राजाच्या चर्चमध्ये जात नसत, कोठारात प्रार्थना करत आणि वयात आलेल्या माणसांना नदीत बुचकळून नव्याने बाप्तिस्मा देत. गाव त्यांना धर्मबुडवे म्हणे. छापखान्याच्या मालकाने त्यांच्या थट्टेचा कागद काढायचं ठरवलं आणि चित्राचं काम ॲम्ब्रोजकडे आलं.

त्याने ढेरपोट्या उपदेशक कोरला. डोळे आभाळाकडे, हात भिजलेल्या पोरीच्या कमरेला. तोंड मात्र सुचेना. त्याच्या खिडकीसमोर बटणं करणारा ओबदाया स्केल्टन बसलेला असे. लांब जबडा, भुवईवर चामखीळ. तेच उतरलं. वैर काही नव्हतं. ओबदाया त्या पंथातला होता खरा, पण त्याने कधी उपदेश केला नव्हता, आणि अंगाने तर काडी.

कागद हातोहात खपला. गुत्त्यात ॲम्ब्रोजने नाकात बोलून उपदेशकाची नक्कल केली. लोक पोट धरधरून हसले.

पुढच्या रविवारी कोठाराबाहेर तीसेक माणसं दांडकी घेऊन उभी राहिली. ओबदाया बाहेर येताच एका खाटकाने त्याची हनुवटी वर केली. "हाच तो चित्रातला. चल बाबा, आज तुलाच पवित्र करू."

केसांना धरून त्याला नदीवर फरफटत नेलं. तो वर आला की टाळक्यात दांडकं बसे, खाली गेला की लोक मोजत. आरडाओरडा ऐकून ॲम्ब्रोज धावत आला नि पाण्यात घुसला. चित्र मी कोरलंय, ते सगळं खोटं आहे, असं सांगत सुटला. त्यांना वाटलं, हाही बुडव्यांतलाच. काठ धरलेल्या त्याच्या उजव्या हातावर खाटकाने टाचेने दोनदा प्रहार केला. बोटं काटक्यांसारखी मोडली.

ओबदाया तिसऱ्या दिवशी गेला. मारणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. बेकायदा जमाव केला म्हणून कोठारातल्या लोकांनाच तुरुंगात टाकलं. ॲम्ब्रोज ओबदायाच्या विधवेच्या, थॉमसिनच्या दारी गेला.

"यांचं तोंड तुम्हीच घातलंत ना त्यात?" थॉमसिनने विचारलं.

"हो, वहिनी."

"का?"

त्याने फडक्यात बांधलेला हात पाठीमागे नेला. तिने शांतपणे दार लावलं.

कोरीवकाम सुटलं. तो चांभारकुंडात भिजलेली कातडी ओढू लागला. कागद मात्र छापून येतच राहिला. एकदा गुत्त्याच्या भिंतीवर तो चिकटवलेला दिसला. ॲम्ब्रोजने डाव्या हाताने फाडला. गुत्तेवाला अंगावर आला, तेव्हा मातीचा मोगा त्याच्या तोंडावर फोडला. दात पडले, रक्त वाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिक्षा म्हणून चौकात ॲम्ब्रोजचे पाय लाकडी खोड्यात अडकवले. पोरंबाळं दगड मारू लागली. कुणीतरी ओरडलं, "अरे, हा धर्मबुडवा!" कपाळ फुटलं होतं, डोळ्यांत रक्त उतरत होतं. मी त्यांच्यातला नाही, एवढं म्हटलं असतं तर कदाचित दगड थांबले असते.

तो काही बोलला नाही.