सोमीच्या दारातली पॉपी

चोर कुणाला म्हणायचं, सांगा बघू? नेणाऱ्याला, की न बघता बोट दाखवणाऱ्याला?

कळंबच्या वाटेवर गुरुदत्तभाऊंची वाडी. सत्त्याहत्तरच्या थंडीत त्यांनी बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळीच्या काठी पॉपी लावली. लालभडक फुलं, बी मुंबईचं. शेजारच्या ॲन्सेल्मने चिमूटभर मागितलं तर म्हणाले, "ही काय केळीची पिल्लं आहेत, वाटत सुटायला?"

वाळलेली झाडं त्यांनी स्वतःच बोंडांसकट उपटून बावखलात फेकली. उन्हाळ्यात बावखल आटलं. रीतीप्रमाणे तळाचा गाळ उपसला आणि चौकापलीकडच्या आपल्या दुसऱ्या वाडीत घातला. पाट्या डोक्यावरून वाहिल्या त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या सोमीने.

पुढच्या थंडीत सोमीच्या झोपडीच्या दारात पॉपी फुलली. झालं! रविवारी चर्चमधली मिस्सा सुटलेली, चौकातल्या क्रुसाजवळ गर्दी, तिथेच भाऊंनी तिला धरली.

"बी चोरलंस ना गं?"

"नाय शेट. आपसूक उगवली."

"आभाळातनं पडली काय? चोरटी कुठली!"

लोक हसले. सोमीचं काम सुटलं. चोर म्हटलेल्या बाईला दुसऱ्या कुणाच्या वाडीत तरी काम कोण देतो?

मग एका सकाळी भाऊ दुसऱ्या वाडीकडे चालत निघाले आणि थबकले. वाटेच्या कडेने तांबडी फुलं. ॲन्सेल्मच्या बांधाला, क्रुसाच्या पायाशी, थेट वाडीपर्यंत. जिथे जिथे पाटीतला गाळ ठिबकला, तिथे तिथे. आणि सोमी घरी जाऊन पाटी धुवायची, ती दारातच. बी भाऊंनीच बावखलात फेकलेलं.

गेले तिच्या दारी. "उद्यापासून ये कामाला."

सोमी तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "चोर चौकात बोललास, नि कामाला दारात बोलवतोस?"

"झालं गेलं, सोमी..."

"चौकात बोल, शेट. मी ऐकाया येते."

रविवारी भाऊ क्रुसाजवळ उभे राहिले. सोमी कडेला. ॲन्सेल्म म्हणाला, "काय भाऊ, आज बी वाटताय वाटतं?" हशा पिकला. भाऊंची कानशिलं तापली. "काही नाही, थंडी फार आहे," म्हणाले आणि घरी गेले. सोमी त्या साली वीटभट्टीवर गेली, ती परतली नाही.

तेव्हापासून दर थंडीत भाऊ उजाडायच्या आत वाटेवरची फुलं उपटतात. बायको सरलाने विचारलं, "आपलीच फुलं ना ही?" भाऊ पुढचं रोप उपटत राहिले. दर साली फुलं जास्तच येतात.

त्या वाटेने गेलात तर एवढं करा. फुलं उपटू नका, आणि चौकात उभं राहून मोठ्याने सांगा, सोमीने चोरी केली नव्हती.