अक्कांची धुळ्याला बदली

आमचा केळीच्या वेफर्सचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द अजून माझ्या तोंडात नीट बसत नाही, कारण सुरुवात आमच्या घराच्या पार्किंगमध्ये एका कढईवर झाली होती आणि पहिला घाणा मीच जाळला होता. तो जळका घाणा बायकोने मलाच संपवायला लावला आणि पुढे कढईजवळ उभं राहू दिलं नाही. धंदा वाढायला लागला तो तेव्हापासून, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. आता जळगावबाहेर मोठी शेड आहे, मालाच्या दोन गाड्या आहेत, आणि मला काचेची केबिन आहे. हिशोब बायको बघते. मी काय बघतो, हा प्रश्न घरात अधूनमधून निघतो.

धुळ्याला दुसरं युनिट काढायचं ठरलं त्याच सुमारास मी नाशिकला एका शिबिराला जाऊन आलो. वाढत्या धंद्याच्या मालकाने माणसांशी कसं वागावं, असा विषय होता. शिकवणारा गृहस्थ फार गोड बोलायचा. मोकळेपणा ठेवा, ऐकून घ्या, सगळ्यांना बरोबर घेऊन निर्णय करा. मला इतकं पटलं की परत आल्या आल्या स्क्रू-ड्रायव्हर मागवला आणि सगळ्यांच्या देखत केबिनचं दार काढून टाकलं. म्हटलं, आजपासून कोणीही, कधीही, काहीही येऊन बोला.

कोणी आलं नाही. एसीची हवा मात्र बाहेर जायला लागली. आधी लोक केबिनवरून बिनधास्त जायचे, आता भाऊ, म्हणजे मी, सरळ बघतो म्हणून शेडच्या मागून वळसा घालून जायला लागले. मी सूचना-पेटी लावली. तिच्यात जामनेर गाडीचं एक फाटकं तिकीट निघालं. त्याचाही मी बराच वेळ अर्थ लावत बसलो.

"अहो, दार काढलंत," बायको म्हणाली, "पण खुर्चीत तुम्हीच बसलाय ना? लोक दाराला घाबरत नव्हते."

तर या मोकळेपणाच्या भरात मी अक्कांची बदली केली.

अक्का म्हणजे आमचा पॅकिंग विभाग. वयाने माझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त. नवरा लवकर गेला, मुलगा सुरतेला कामाला, आणि त्या जळगावात स्वतःच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. माहेर शिंदखेड्याकडचं, त्यामुळे बोली अस्सल अहिराणी. पॅकिंगच्या बायकांना त्या दिवसभर रागावतात आणि त्या बायका अक्कांशिवाय पाणी पीत नाहीत. धुळ्याला नवीन माणसं घ्यायची, त्यांना हाताखाली घेऊन शिकवायचं, तर अक्कांसारखं दुसरं कोण? त्यात माझ्या डोक्यात आलं की शिंदखेडा तर धुळ्याहून तासाभरावर. बाई एकटी राहते, माहेरजवळ जाईल, भाऊ-भावजय आहेत, भाचरं आहेत. एका निर्णयात धंदाही साधला आणि पुण्यही. मी स्वतःवरच खूश झालो.

पण शिबिरात सांगितलं होतं, विचारून करा. म्हणून मी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत जमवलं, माइक घेतला (खोली एवढीशी, माइकची काही गरज नव्हती) आणि सगळ्यांसमोर विचारलं, "अक्का, धुळ्याचं युनिट तुम्ही सांभाळाल का? अगदी मोकळेपणाने सांगा."

सगळे अक्कांकडे बघायला लागले. अक्कांनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "तुम्ही म्हनतस तर चाली, भाऊ."

टाळ्या झाल्या. पेढे मी आधीच आणून ठेवले होते.

त्यानंतर पॅकिंगमध्ये शांतता पसरली. पाकिटाला हवा कमी भरली तरी ओरडा नाही, कोणी उशिरा आली तरी टोमणा नाही. मी केबिनमधून, म्हणजे त्या भोकातून, हे समाधानाने बघत होतो. बायकोला म्हटलं, "बघितलंस? वातावरण कसं निवळलंय. मोकळेपणाचा परिणाम."

तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "अक्कांनी आठवडाभर कोणाला शिवी दिली नाही. घरात सासू गप्प झाली तर तुम्ही आनंद कराल का?"

"मग विचारतो त्यांना. बोलावतो केबिनमध्ये."

"बोलवा. त्या म्हणतील, बठ्ठं बरं शे भाऊ, सगळं ठीक आहे. आणि जातील."

मी बोलावलं. त्या म्हणाल्या, "बठ्ठं बरं शे, भाऊ." आणि गेल्या.

थंडीत आमच्याकडे भरिताच्या पार्ट्या होतात, हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. कोणाच्या तरी शेतात जमायचं, कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, हिरवी लांबडी वांगी भाजायची, सोलायची, मिरची-लसूण घालून लाकडी बडगीत ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर तिथेच बसून खायचं. पार्किंगच्या काळात आम्ही सगळे मिळून हे करायचो. पुढे कंपनी मोठी झाली आणि मला वाटलं, आता हे केटररला द्यावं. मग खुर्च्या आल्या, टेबलावर झाकणाची भांडी आली, लोक ताटं घेऊन रांगेत उभे राहायला लागले. भरीत चांगलं असायचं. लोक जेवून, हात पुसून, "येतो भाऊ" म्हणून निघून जायचे.

त्या वर्षी बायकोने मला न विचारता केटररला नाही सांगून टाकलं. सकाळी जामनेर रस्त्यावरच्या एका मित्राच्या शेतात पोचलो तर वांग्यांची पोती तशीच पडलेली.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता भाजा," ती म्हणाली.

थोड्या वेळात जाळ लागला. ड्रायव्हर मंडळींनी काड्या ताब्यात घेतल्या, तळणाऱ्या पोरांनी वांगी उलटीपालटी करायला सुरुवात केली, आणि प्रत्येकाचा आवाज कारखान्यातल्यापेक्षा दुप्पट झाला. मला भाषण करायचं होतं, पण माझ्या हातात पाण्याची वाटी देऊन मला सोलणाऱ्या बायकांच्या घोळक्यात बसवण्यात आलं. शेजारी अक्का.

भाजलेलं वांगं सोलणं हे काय काम आहे ते ज्याने केलं त्यालाच माहीत. वरून काळं, थंड वाटणारं साल, आत उकळती वाफ. बायका बोटं पाण्यात बुडवत, बोलत बोलत वांग्यामागून वांगं नागवं करत होत्या. माझं पहिलंच अर्धं झालं होतं.

"भाऊ, साल ऱ्हायनं हो तुमनं," एक ड्रायव्हर लांबून ओरडला. "आमच्या गाडीला ओरखडा दिसला का किती बोलता! आता तुम्हाला कोण बोलणार?"

"वहिनी आहेत ना बोलाले!" दुसरा म्हणाला, आणि शेतभर हशा पिकला. मी उत्तर द्यायला गेलो, नजर हलली, आणि अंगठा आणि दोन बोटं थेट वाफेत शिरली. मी ती बोटं सरळ तोंडात घातली.

आणि नेमकं तेव्हा अक्का बोलल्या. माझ्याकडे न बघता, हातातल्या वांग्याकडे बघत.

"भाऊ, तुमनी बहीण कथी दिन्ही शे?"

"पिंपळनेरला दिलीय," मी बोटांमधून कसाबसा म्हणालो.

"माहेरले कधी येस?"

"आखाजीला. दिवाळीला."

"तुम्ही लेवाले जातस?"

मी मान हलवली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींचा माहेरी यायचा सण. बहीण आली की मी स्टँडवर जातो, आमरस होतो, बायको तिच्या आवडीच्या पुरणपोळ्या करते, चार दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. निघताना बहीण रडते, मीही कोपऱ्यात जाऊन रडतो. हे सगळं अक्कांना माहीत होतं, दर वर्षी आखाजीनंतर मी हेच सांगत सुटतो.

"आन ती तुमना समोरना गल्लीमा कायमनी ऱ्हावाले उनी तर?"

चांगलंच होईल की, असं मी म्हणणार होतो. शिबिरातसुद्धा असंच काहीतरी म्हणालो असतो. पण बोटं तोंडात होती, आणि अंगठा इतका भाजला होता की ती बाहेर काढवेनात. त्यामुळे मला विचार करावा लागला. बहीण रोज येईल. बायको रोज पुरण शिजवणार नाही. शेजारी विचारतील, सासरी काही झालं का? कधीतरी मी दार उघडताना कपाळाला आठी घालीन.

अक्का सोलत राहिल्या. "आमना मालक गयात तवय मना भाऊ म्हने, चाल घर. मी नही गयू. आठेच ऱ्हायनू, काम करं, खोल्या घेतल्यात. म्हनीसन आजबी आखाजीले तो स्वतः येस माले लेवाले. भावजाई झोका बांधस. आते मी धुयाले ऱ्हायनू तर रोज गाव म्हनी, माघारी उनी. मंग मी पाव्हनी कथी ऱ्हायनू?"

धुळ्याला राहिल्या तर गाव म्हणणार, बाई माहेरी परत आली, आणि पाहुणीचा मान संपणार. त्यांचा हात थांबला नाही. मी बोटं तोंडातून काढली.

"अक्का, मग तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?"

आता मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पेढा हातमा लिसन इचारं! कोनी ओवाळाले उभं ऱ्हायनं तर ताट ढकलतस का, भाऊ?"

मागे बायको मिरच्या निवडत होती. तिचं हसू मला पाठीला कळलं.

जेवायला आम्ही गोल करून जमिनीवरच बसलो. मी भाषण केलं नाही, तोंडात भाकरी होती. एवढंच म्हणालो की धुळ्याची गोष्ट मी पुन्हा विचारतोय, या वेळी पेढे नाहीत. मग पॅकिंगमधली एक तरुण मुलगी, जिचा नवरा धुळ्यालाच नोकरीला आहे आणि शनिवारी तेवढा घरी येतो, ती खाली मान घालून म्हणाली, "मी जाऊ का, भाऊ?"

"अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही अक्कांना विचारलं होतं. मला कुठे विचारलं?"

"तिले काय येस?" अक्का कडाडल्या. "पाकीट चिकटावता येत नही धड!" कित्येक दिवसांनंतरची ही पहिली शिवी. बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. मग अक्कांनीच ठरवलं की तिने धुळ्याला जायचं, पण आधी धुळ्याच्या बायकांना जळगावला आणायचं, आपल्या दोन खोल्यांत उतरवायचं, आणि हाताखाली घासून तयार करायचं. एक ड्रायव्हर म्हणाला, रिकामी गाडी तशीही धुळ्याहून परत येते, बायका तिच्यातून येतील. मी नुसता हो हो म्हणत गेलो. अंगठ्याला तोवर फोड आला होता.

आखाजीला आम्ही दोन्ही ठिकाणी सुटी ठेवली. अक्कांचा भाऊ त्यांना न्यायला आला होता, तो पिशवी उचलून पुढे आणि अक्का नव्या साडीत मागे, असे ते स्टँडवर जाताना मी पाहिले.

सण आटोपून परतताना भावाने त्यांना धुळ्याला मोटारसायकलवरून थेट आमच्या युनिटवर आणलं. मी तिथेच होतो. "बहीणनी कंपनी देखाले उनू," तो म्हणाला. अक्कांच्या हातावर मेंदी, पिशवीत कुरडया. आता इथली पॅकिंग-प्रमुख झालेल्या त्या तरुण मुलीने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि भीतीने स्वतः उभीच राहिली.

अक्का बसल्या नाहीत. सगळी शेड फिरल्या, एक पाकीट कानाजवळ नेऊन दाबून पाहिलं, तोंड वाकडं केलं. "पाव्हनी शे म्हनीसन कमी बोली ऱ्हायनू," त्या मुलीला म्हणाल्या. मुलीचा चेहरा खुलला.

शेवटी माझ्या केबिनपाशी थांबल्या. जळगावसारखीच, मोठ्या हौसेने बिनदाराची बांधून घेतलेली.

"भाऊ, याले दार नही लायं?"

"मुद्दाम ठेवलं नाही, अक्का. मोकळेपणा."

"बठ्ठी थंडी बाहेर जाई ऱ्हायनी," त्या म्हणाल्या. "दार लाई ल्या. ज्याले बोलनं शे तो ठोकी."

बाहेर भावाने गाडी सुरू केली होती. "अक्का, चाल, बस निंघी जाई!" त्याने हाक मारली. अक्कांनी माझ्या हातात चार कुरडया ठेवल्या, पिशवी भावाकडे दिली आणि पदर खोचून मागे बसल्या. सुताराला मी त्याच दुपारी फोन केला. बायको म्हणाली, जळगावचंही करून घ्या.