चारित्र्याच्या दाखल्यावरची सही

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. केमिस्ट्रीचा माणूस मी. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

नव्वदच्या दशकाचा मध्य. लखनौला विकास नगरमध्ये राहायचो. सरकारी संशोधन संस्थेत गॅझेटेड अधिकारी, म्हणजे कॉलनीच्या दृष्टीने एक पेन आणि एक रबरी शिक्का! रविवारी सकाळी लोक यायचे, कुणी मार्कशीटच्या कॉप्या अटेस्ट करायला, कुणी चारित्र्याचा दाखला घ्यायला. दाखल्यातलं वाक्य ठरलेलं: 'मैं इन्हें तीन वर्ष से व्यक्तिगत रूप से जानता हूँ.' शेजाऱ्याचा भाचा, भाच्याचा मित्र... तोंडसुद्धा न बघता सही ठोकायचो. सगळेच तसं करायचे हो.

त्या रविवारी चारपाच दाखले उरकले आणि शेवटी हरिनाथ आला. संस्थेची भाड्याची जीप चालवायचा, तीन वर्षं माझी रोज ने-आण करत होता. आता त्याला स्वतःची टॅक्सी चालवायची होती, परवान्याच्या अर्जाला दाखला हवा होता. मी पेन उघडलं तर म्हणाला, "साहब, साइन से पहले एक बात. मैं चार साल जेल काट चुका हूँ." तरुणपणी भांडणात एकाला रॉडने मारलं होतं, त्याचा डोळा गेला.

मी पेन बंद केलं. सरळ नाही म्हणालो. त्याने कागदाची घडी केली आणि नमस्ते करून गेला.

बायको, सुनंदा, आतून ऐकत होती. त्याने लपवलं असतं तर सही केलीच असतीत ना, म्हणाली. मी उखडलोच. टॅक्सीत लोक लेकीबाळींना एकटं बसवतात, उद्या काही झालं तर नाव माझं येणार, असं बरंच सुनावलं तिला. त्यात चूक काय होतं, सांगा बरं!

सोमवारी संध्याकाळी शेजारचे गुप्ताजी भाच्याचा दाखला घेऊन परत. सहीच नाही! शिक्का होता, त्याच पेनने घातलेली तारीख होती — सहीच्या जागी कोरा कागद. पुन्हा केली. मंगळवारी परत गायब, आणि मागोमाग आणखी दोघं तेच गाऱ्हाणं घेऊन दारात. शाई बदलली, पेन बदललं, एकदा चक्क बॉलपेनने केली... तीच गत. भिंगाखाली पाहिलं तर पेन दाबल्याचा वळसुद्धा नव्हता. मार्कशीटवरच्या सह्या मात्र जिथल्या तिथे.

शेवटी सुनंदाच म्हणाली, "अहो, यातल्या एकाला तरी तुम्ही ओळखता का?"

मी दाखल्यांवरची नावं पुन्हा वाचली. मार्कशीट निदान मूळ प्रतीशी ताडून बघायचो. माणसं कधीच नाही. आणि ज्याला खरोखर ओळखत होतो, माझ्या आईला झटका आला तेव्हा ज्याने तिला दोन जिने उचलून खाली नेलं, त्याला मी हात हलवत परत पाठवलं होतं. खरं बोलला म्हणून. लाज वाटली मला, अगदी मनापासून.

बुधवारी निशातगंजला त्याच्या खोलीवर गेलो. दाखला लिहायला बसलो तर म्हणाला, "जेल वाली बात भी लिख दीजिए साहब. छिपा के गाड़ी नहीं चलानी." तेही लिहिलं. चार दिवसांनी धास्तावत त्याला विचारलं, सही आहे ना. सही होती. अर्ज दोनदा परत आला, तिसऱ्यांदा परवाना मिळाला.

बाकीच्या सह्या कुठे गेल्या, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. संस्थेतल्या मित्रांनाही विचारून झालं, सगळ्यांनी शाईवर ढकललं.

पुढे मुलीच्या बोर्डाच्या परीक्षेला हरिनाथचीच टॅक्सी लावली. पहिल्या दिवशी ती एकटी गेली आणि परत येईपर्यंत मी फाटकापाशी उभा होतो. एवढं सगळं होऊनसुद्धा! हरिनाथने उतरताच मला पाहिलं आणि मी का उभा आहे ते ओळखलं. मी काहीतरी सारवासारव करू लागलो.

"रहने दीजिए साहब," तो म्हणाला. "मेरी बेटी होती तो मैं भी खड़ा रहता."